डिस्टोपियाला ‘मोगलाई’ म्हणावं का?

चाळीसगावचा एक कॉलेजातला मुलगा कुमारांसाठी कादंबरी लिहितोय. पृथ्वी सोडून निघालेलं यान, त्यावर जन्मलेली तिसरी पिढी. प्रत्येकाच्या नावावर जन्मापासून हवेचं खातं; सोळावं लागलं की ती उधारी फेडायला यंत्रणा सांगेल त्या कामाला जुंपून घ्यायचं. त्याचा प्रश्न असा : या डिस्टोपियाला, म्हणजे कल्पनेतल्या वाईट जगाला, मराठीत ‘मोगलाई’ म्हणावं, की ‘अंधेर नगरी’?

दोन्ही नकोत. मोगलाई, बेबंदशाही, अंधेर नगरी, पोपाबाईचं राज्य... वाईट राज्याला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. पण साऱ्यांची तक्रार एकच, की कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. तुमच्या यानात तर श्वासाचाही हिशेब आहे! ‘झोटिंगशाही’ थोडी जवळ येते, पण तिच्यात एखाद्या दांडगटाची लहर असते. इथे नुसती वही आहे. शिवाय आपल्याकडची जुनी माणसं मोगलाई म्हणायची ती कन्नड घाटापलीकडच्या मुलखाला, म्हणजे निजामाच्या हद्दीला. ती हद्द १९४८ साली गेली, शब्द मागे राहिला. चाळीसगावच्या एखाद्या आजीला कादंबरी वाचून दाखवलीत, तर ती तुमचं यान घाट चढवून कन्नडला उतरवेल.

‘डिस्टोपिया’ या मूळ शब्दात ग्रीक ‘टोपोस’ आहे, म्हणजे जागा. थॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ केला, ‘कुठेच नसलेली जागा’ या अर्थाने. १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश पार्लमेंटात, आयर्लंडच्या धोरणावरून सरकारची टर उडवताना, त्याला ‘डिस’ (वाईट) हा उलटा उपसर्ग लावला. म्हणून ‘कुराज्य’ मला अपुरं वाटतं, त्यातून जागाच निसटते. आणि ‘दुःस्थळ’ म्हटलं तर मुलीला सांगून आलेलं नको ते स्थळ आठवतं.

माझं मत ‘कोंडवाडा’. आमच्या गावी गिरणाकाठी चावडीमागे होता : छातीभर दगडी भिंत, एक निंब, पाण्याची डोणी. एकदा आमची वगार शेजाऱ्याच्या कपाशीत शिरली आणि आत गेली. सोडवायला गेलो तर दंड वेगळा, आणि तिने आत खाल्लेल्या कडब्याचे पैसे वेगळे, वहीत तारखेनिशी मांडलेले. वगार निवांत रवंथ करत होती. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्यांना हे नियम घालून दिले. धनी फिरकलाच नाही तर जनावराचा लिलाव. कोंडायचं, जगवायचं आणि जगवल्याचं बिल लावायचं : तुमचं हवेचं खातं याहून वेगळं काय आहे? ग्रंथालयाच्या कार्डावर ‘डिस्टोपिया’ खुशाल राहू दे, पण पुस्तकाच्या नावात कोंडवाडा यावा.

फक्त आतल्या माणसांच्या तोंडी तो घालू नका. कोंडवाडा भिंतीबाहेरून दिसतो. आतल्या पाट्यांवर ‘सोय’, ‘शिस्त’, ‘आपल्या हितासाठी’ असलंच काहीतरी लिहिलेलं असणार.

तसंच ‘यान’. या शब्दात जाणं आहे, आणि तिथे जन्मलेल्या पोरांना आपण कुठे चाललोय हे जाणवतही नसेल. ती त्याला गावच म्हणतील. दारात बसलेली आजी विचारेल, ‘‘कथा चालनी वं माय?’’ नात म्हणेल, ‘‘गावमा.’’ हा संवाद अहिराणीतच ठेवा, खाली अर्थ देत बसू नका.