डबी जवळ आली की फोन खिशात

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. सुट्टीत अमेरिकेला मामाकडे गेला होता, तिथे जिओकॅशिंग शिकून आला. फोनवरून जागा हुडकायची आणि तिथे लपवलेली डबी शोधायची. आता रोज विचारतो, नाशिकला कधी करायचं? त्याला वेगळं यंत्र लागेल का? दगडांत हात घालायचे म्हणजे मला साप-विंचवाची धास्ती वाटते.
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमची धास्ती रास्त आहे, म्हणून आधी तेच सांगतो. आपल्या खडकाळ टेकड्यांवर फुरसं आणि विंचू दगडाखालीच दबून असतात. दगड आधी काठीने हलवायचा. उचलताना पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे फट पलीकडे उघडते. कपारीत बोटं घालायची नाहीत. पायात बूट हवेतच.

यंत्र नको, फोन पुरतो. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक ठेवत असे. मे २००० मध्ये ती काढली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. तरी झाडीत किंवा कड्याच्या कुशीत फोन आजही दहाएक मीटर चुकतो. मी जमिनीच्या मोजणीत ३० वर्षं काढली. खुंट सापडतो तो नजरेने. जवळ पोचल्यावर मुलाला फोन खिशात ठेवायला सांगा आणि विचारा : इथे कोणता दगड माणसाने ठेवल्यासारखा दिसतो?

आकडे मात्र नीट वाचायला शिकवा. या खेळात अक्षांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात. समजा २०° ०१.५००' असं दिलंय आणि त्याने २०.०१५०० टाकलं, तर तो किलोमीटरभर दक्षिणेला जाईल. खरा आकडा २०.०२५००. मखमलाबादला भावाच्या द्राक्षमळ्यात मी नातीसाठी डबी लपवली होती. तिने नेमकी हीच चूक केली आणि आम्ही तासभर भलत्याच बांधावर फिरलो. तुम्हीही पहिली डबी अशीच, ओळखीच्या मळ्यात, विचारून ठेवा.

मग जिओकॅशिंगच्या अ‍ॅपवर नाशिकचा नकाशा उघडा. शोधायची अवघडता आणि वाटेची अवघडता १ ते ५ अशी दिलेली असते, तुम्ही दोन्हीकडे १ किंवा १.५ निवडा. 'सापडली' अशी अलीकडची नोंद असेल तरच निघा. सापडली की डबीतल्या वहीत नाव लिहायचं. आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची ठेवायची, खाऊ नाही. डबी होती तिथेच परत.

स्वतः लपवायची झाली तर पांडवलेणी नको, ते संरक्षित स्मारक आहे. रामकुंडावर किंवा सराफ बाजारात बेवारस डबा दिसला तर लोक पोलिसांना बोलावतील, आणि ते बरोबरच आहे. अंजनेरीवर पायवाट सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. त्या डोंगराचंच नाव मिळालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही नाजूक दुर्मीळ वनस्पती तिथल्या गवतात उगवते, पायाखाली आली तर कळणारही नाही.

वही प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा, आणि सोबत पेन्सिल. आपल्याकडच्या पावसात पेनची शाई टिकत नाही.