वकीलसाहेब पेशीला गेलेच नाहीत, आता फाइलही देत नाहीत

प्रश्न : मी नागपुरात मानेवाडा रोडवर राहते. बेसा भागातल्या एका प्लॉटचं इसारपत्र माझ्या नावाने झालं होतं. प्लॉटवाला विक्रीपत्र करून देईना म्हणून इथल्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यात प्लॉट कोणाला विकू नये असा मनाई हुकूमही मिळाला होता. वकीलसाहेबांना आजवर 60 हजार दिले, काही यूपीआयने, काही रोख. विचारलं की म्हणायचे, ‘पुढची पेशी पडली.’ परवा भाच्याने मोबाइलवर पाहिलं तर दावा पाच महिन्यांपूर्वीच आमच्या गैरहजेरीमुळे काढून टाकलेला. जाब विचारला तर म्हणतात, राहिलेले 35 हजार द्या, मग फाइल आणि एनओसी घेऊन जा. पोलिस म्हणाले, दिवाणी मामला आहे. कोणी म्हणतं ग्राहक मंचात जा. मला त्यांची सनद (वकिलीचा परवाना) रद्द करायची आहे. तक्रार कुठे करू? पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, तुम्ही सनदेबद्दल विचारलंत, पण मी आधी प्लॉटबद्दल बोलणार आहे. उद्या त्यांची सनद गेली तरी तुमचा दावा त्यामुळे उभा राहत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि दाव्याच्या कामाची मुदत आधीच उलटून गेली आहे.

गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा नंबरावर घेण्यासाठी, म्हणजे पुन्हा सुरू करण्यासाठी, अर्ज करावा लागतो. मुदत 30 दिवस, आणि ती दावा निकाली निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्याच्या तारखेपासून नाही. त्यामुळे सोबत विलंबमाफीचा अर्ज द्यावाच लागेल. हे सगळं करण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात जाऊन रोजनाम्याची (प्रत्येक पेशीला काय झालं त्या नोंदीची) आणि शेवटच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा. दाव्यात तुम्ही पक्षकार आहात, तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

त्या आदेशात एक ओळ नीट वाचा : त्या दिवशी प्रतिवादी किंवा त्याचा वकील हजर होता का? तो हजर आणि तुम्ही गैरहजर, असं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 प्रमाणे त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही, जुना दावा जिवंत करणं हाच रस्ता उरतो. दोघंही गैरहजर असतील तर नवा दावाही लावता येतो, पण करारपूर्तीच्या (तुमच्यासारख्या, विक्रीपत्र करून मागण्याच्या) दाव्याची तीन वर्षांची मुदत शिल्लक असेल तरच. बहुतेक लोक हा फरक न पाहताच ‘परत दावा टाकू’ म्हणत बसतात आणि जुन्याचीही वेळ घालवतात.

विलंबमाफीसाठी ‘वकिलाची चूक’ एवढं म्हणून भागत नाही. वकिलावर विश्वास ठेवून बसलेल्या पक्षकाराला वकिलाच्या कसुरीची शिक्षा होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं आहे, आणि तुमचा नवा वकील तो निवाडा पुढे करेलच. पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो असा : बाई, पाच महिने तुम्ही काय करत होतात? त्याचं उत्तर तुमच्या मोबाइलमध्ये असू शकतं. दावा निकाली निघाल्यानंतरच्या तारखेचा ‘पुढची पेशी अमुक तारखेला’ असा एखादा मेसेज सापडला तर तो सगळ्यात वजनदार कागद. एका बाजूला रोजनाम्याची ती तारीख, दुसऱ्या बाजूला त्यानंतरचा हा मेसेज, असे दोन्ही प्रतिज्ञापत्राला जोडा. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून देतात. मेसेज नसेल तर फोन कधी केले, ऑफिसला कधी गेलात, हे तारीखवार आठवून लिहा.

आणखी एक, याला उशीर चालणार नाही. दावा संपला तेव्हा त्यातला मनाई हुकूमही संपला. आज प्लॉटवाल्याला विक्रीपासून अडवणारा कोणताही आदेश नाही. अर्जासोबतच मनाईची मागणी पुन्हा करा आणि तुमच्या इसाराचा उल्लेख करून स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटिशीने विक्री थांबत नाही, पण घेणाऱ्याला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणणं अवघड जातं.

आता एनओसी. नागपुरात काय किंवा कुठेही काय, पक्षकारांना वाटतं की जुन्या वकिलाची एनओसी नसेल तर नवा वकील उभाच राहू शकत नाही. तसं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे जुन्या वकिलाची संमती घ्यायची असते हे खरं, पण ती मिळत नसेल तर नव्या वकिलाने कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागायची, आणि परवानगी मिळाली की हजर राहायचं. एनओसी ही फी वसुलीची पावती नाही, पण ती तशी वापरणारे लोक आमच्या धंद्यात आहेत.

फाइलबाबत कायदा तर अगदी स्पष्ट आहे. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या 2000 सालच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, आणि मागूनही न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फी राहिली असेल तर त्यांनी वसुलीचा दावा लावावा. तेव्हा 35 हजार देऊन फाइल सोडवू नका. फाइल आठ दिवसांत परत करा अशी लेखी मागणी पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. पत्रात राग नको, कागदांची यादी हवी. त्यात पहिलं नाव अस्सल इसारपत्राचं. ते न्यायालयात दाखल आहे की वकिलांच्या कपाटात, हे तुम्हाला माहीत आहे का? दाखल असेल तर काळजी नाही, रेकॉर्डवरून प्रमाणित प्रत मिळते.

एवढं मार्गी लागलं की सनदेकडे या. वकिलीची सनद देणारी आणि काढून घेऊ शकणारी संस्था म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. तिचं कार्यालय मुंबईत फोर्टला, हायकोर्टाच्या विस्तारित इमारतीत आहे. जिल्हा वकील संघ किंवा हायकोर्ट बार असोसिएशन या वकिलांच्या संघटना. त्यांचे अध्यक्ष फार तर दोघांना समोर बसवून समजूत घालतील, सनदेवर त्यांचा अधिकार नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजाही बंद आहे : 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. डॉक्टरविरुद्ध रुग्ण ग्राहक आयोगात जाऊ शकतो, वकिलाविरुद्ध पक्षकार नाही. हे मला स्वतःला फारसं पटत नाही, पण आज कायदा हाच आहे.

अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली ही तक्रार होते. साधं पत्र किंवा ईमेल पुरत नाही. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह, ठरलेली फी भरून द्यायची. मराठीत चालते. वकिलांचा सनद क्रमांक तुमच्या वकीलपत्रावर (वकील नेमल्याच्या कागदावर) असतो, सुरुवातीला ‘एमएएच’ ही अक्षरं आणि शेवटी वर्ष. वकीलपत्राची प्रतही नक्कल विभागातूनच मिळेल.

मजकुरात मात्र एक जागा अशी आहे जिथे चांगल्या तक्रारी पडतात. ‘वकील पेशीला गेले नाहीत’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येईल : तब्येत बरी नव्हती, दुसऱ्या कोर्टात होतो, चूक झाली. नुसता हलगर्जीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यात बेइमानी किंवा नीतिभ्रष्टता दिसावी लागते. तुमच्या प्रकरणात ती दोन ठिकाणी आहे : दावा संपल्यावरही पेशी पडल्याचं खोटं सांगणं, आणि पैशासाठी कागद अडवणं. तक्रार या दोन मुद्द्यांवर उभी करा. रोख रकमेच्या पावत्या नाहीत म्हणून फीचा वाद त्यात फार रंगवू नका, सिद्ध न होणारी एक गोष्ट सिद्ध होणाऱ्या दोन गोष्टींना कमकुवत करते. आणि समोरच्या पार्टीच्या वकिलावरचा राग यात मिसळू नका. ते तुमचे वकील नव्हते, आणि पक्षकार-वकील नातं नसताना केलेल्या तक्रारींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये याच बार कौन्सिलला खडसावलं आहे.

कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण तीन वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते, तुम्हालाही प्रश्न विचारले जातील. बोलावणं मुंबईचं आलं तर विदर्भ एक्स्प्रेसचा रात्रीचा प्रवास धरून चाला. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा वकिलाचं नाव पटावरून कायमचं काढू शकते. तुमच्या मनात शेवटची शिक्षा आहे, पण अपेक्षा बेताची ठेवा. वर सांगितलेल्या सक्सेना प्रकरणात बार कौन्सिल ऑफ इंडियाने 18 महिने बंदी घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती ताकिदीवर आणली.

‘वकिलांची चौकशी वकीलच करणार’ ही शंका तुमच्या मनात येणार, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. म्हणून मुदती लक्षात ठेवा. राज्य कौन्सिलने तक्रार एका वर्षात निकाली काढायची, नाहीतर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. हे कायद्यातच आहे, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीची पुन्हा आठवण करून दिली आहे. समितीचा आदेश पटला नाही तर 60 दिवसांत दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुन्हा 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. आणि हे अपील तक्रारदारालाही करता येतं. दर दोन-तीन महिन्यांनी तक्रारीचा क्रमांक घालून स्थिती विचारणारं पत्र पाठवत राहा.

तक्रार गेल्यावर वकीलसाहेबांचा फोन येईल, मध्यस्थ येतील, फाइलही कदाचित घरपोच होईल. फाइल घ्या, पोच द्या. पण ‘मी तक्रार मागे घेते, तुम्ही पैसे द्या’ असा सौदा लेखी-तोंडी करू नका. तडजोड झाली एवढ्याच कारणावरून तक्रार बंद करायची नाही असा कौन्सिलचा नियम आहे, आणि तसा सौदा केल्याचं पुढे आलं तर दबाव तुम्ही आणत होतात असं चित्र उभं राहतं.

पैशांचं म्हणाल तर कौन्सिल शिक्षा देते, भरपाई देत नाही. वकिलाने काम अर्धवट सोडलं तर न केलेल्या कामाची फी परत करावी असा नियम आहे, पण ती वसूल करायला दिवाणी दावाच लागतो, तीन वर्षांच्या आत. यूपीआयचे व्यवहार बँकेच्या उताऱ्यावर दिसतील, रोख रकमेसाठी देताना हजर असलेला साक्षीदार लागेल. पोलिस फार चुकीचं बोलले नाहीत. हां, कोर्ट फीसाठी म्हणून घेतलेली रक्कम भरलीच नाही असं रेकॉर्डवरून दिसलं, तर तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो आणि मग पोलिसांना ‘दिवाणी’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

नव्या वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. आधार कार्ड, दाव्याचा क्रमांक आणि शेवटच्या आदेशाची प्रत सोबत न्या. भाच्यालाही घेऊन जा, आणि सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः पेशी बघायला त्याच्याकडून शिकून घ्या.