"उपाशी झोपलो, तरी सकाळी १३८ कशी?"

"मॅडम, रात्री नुसतं भाजीचं सूप पिऊन झोपतो. तरी सकाळी शुगर १३८! अजून काय सोडू?"

एसटीतून निवृत्त झालेले हे काका ६८ वर्षांचे (ओळख पटेल असे तपशील बदललेत). त्यांनी शंभर पानी वही पुढे सरकवली. पट्टीने आखलेले रकाने, आणि शंभरच्या वरच्या प्रत्येक आकड्याला लाल पेनाने गोल. पान गोवर उठल्यासारखं दिसत होतं. हिरवी टिक एकाच आकड्यापुढे: ६२.

"या दिवशी काय झालं होतं?"

"त्या दिवशी उतरली ना!" काका खुशीत.

काकूंनी कपाळाला हात लावला. "कसली उतरली! अकरा वाजता ओट्याशी उभे होते, दरदरून घाम, हात थरथरत होते. मोजली आणि आधी साखरपाणी पाजलं." सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली आणि नाश्ता मात्र टाळलेला.

सत्तरच्या खालची शुगर मला १३८ पेक्षा कितीतरी जास्त घाबरवते. या वयात चक्कर येऊन पडले आणि खुबा मोडला, तर आहाराचं सगळं गणितच बदलतं.

शंभरचा आकडा त्यांनी आणला कुठून? लॅबच्या रिपोर्टवरून. तिथे छापलेली ७० ते १०० ही मर्यादा मधुमेह नसलेल्यांची असते. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी, म्हणजे एचबीएवनसी, सात टक्क्यांच्या आसपास हे उद्दिष्ट धरतात. वय झालेलं, जोडीला इतर आजार किंवा शुगर वारंवार खाली जाणारी असेल, तर डॉक्टर आठपर्यंतही चालवून घेतात. काकांची ७.२ होती, सरासरी साधारण १६०. काका दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरून स्वतःला नापास करत होते!

सूप पिऊनही सकाळचा आकडा हलत नव्हता, कारण पहाटे यकृत स्वतःच रक्तात साखर सोडतं आणि मधुमेहात इन्शुलिन ती पुरेशी आवरू शकत नाही. शिवाय घरच्या ग्लुकोमीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे १३८ आणि १२९ यांत जीव जाळण्यासारखं काही नाही.

वहीतली खरी गडबड दुपारी होती: २१०, २१८, २०५. "ज्वारी शुगरला चालते" म्हणून काका तीन भाकऱ्या खात. ज्वारी चांगलीच, पण पिष्ट तिच्यातही आहेच. तीनाच्या दोन केल्या, सोबत वाटीभर घट्ट वरण आणि भरपूर पालेभाजी. जेवल्यावर लवंडण्याऐवजी पंधरा मिनिटं गल्लीत फेरी. रात्रीचं सूप बंद. आठच्या आत एक भाकरी, भाजी, वरण. मी आहारतज्ज्ञ, गोळी ठरवणं माझं काम नाही, म्हणून वही घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोस कमी केला.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.० आली. सकाळचे आकडे ११५ ते १३५, दुपारचे बहुतेक १८० च्या आत, आणि साठीतला एकही नाही. लाल पेन अजून सुटलेलं नाही. परवा १३३ ला गोल होता, काकूंनी तो खोडलेला.

आता घासाघीस चाललीय ती आमरसाच्या वाटीवर. मी अर्ध्या हापूसवर अडून आहे, तोही चारच्या खाण्याला, जेवणात नाही.