खेळाबद्दल बोलण्याचा पगार किती?

स्पोर्ट्स कम्युनिकेशन शिकलेल्या मुलांना नोकरी कुठे लागते आणि दर महिन्याला हातात किती पडतात, हा प्रश्न हल्ली आमच्या इंदुरात बरेच पालक विचारतात. साहजिक आहे. मध्य प्रदेशनं २०२२ मध्ये मुंबईला हरवून रणजी करंडक आणला, रजत पाटीदार इथलाच, होळकर स्टेडियमवर मोठे सामने होतात. मुलांना खेळाच्या आसपास राहायचं असतं. सगळ्यांनाच खेळाडू होता येत नाही, मग सामन्यांवर लिहिणं, बोलणं, व्हिडिओ करणं, एखाद्या संघाचं सोशल मीडिया सांभाळणं याकडे ती वळतात. आईवडिलांना मात्र यातलं काहीच नोकरीसारखं दिसत नाही. मी करिअरबद्दल सल्ला देते. माझ्याकडे आलेल्या अशाच एका घराचा अनुभव त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब राजेंद्र नगरचं. वडील सहकारी बँकेत, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. मुलगी पत्रकारितेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आणि लहानपणापासून दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा मध्य प्रदेशात झाल्या, त्यात मल्लखांब उज्जैनला होता. ती रोज बसनं जाऊन तो बघून आली आणि घरी जाहीर केलं, की मुंबईच्या एका खासगी संस्थेत स्पोर्ट्स कम्युनिकेशनचा पदव्युत्तर कोर्स करायचा. फी सहा लाखांच्या घरात. वडिलांचा आग्रह होता एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा. इथेच भंवरकुआं भागात क्लास, घरी जेवण, आणि लागली तर पक्की नोकरी.

माझ्यासमोर वडिलांनी दोन कागद ठेवले. एक संस्थेचं माहितीपत्रक, त्यावर ठळक अक्षरांत ‘हायेस्ट पॅकेज’. दुसरा मुलीनं काढलेला प्रिंटआउट, अमेरिकेतल्या पगारांचा. त्यात अमेरिकी सरकारचे २०२३ चे आकडे होते: जनसंपर्क तज्ज्ञाचा मध्यक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला ६६,७५० डॉलर, पत्रकाराचा ५७,५००. वडिलांनी शेजारी पेन्सिलनं गुणाकार करून ५५ लाख लिहिलं होतं आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह.

“मॅडम, यातलं खरं किती?” ते म्हणाले. “आम्ही लहानपणी सुशील दोशींची कॉमेंट्री कानाला रेडिओ लावून ऐकली. इंदूरचं नाव केलं त्यांनी, पद्मश्री मिळाली. पण दोशी एकच झाले ना?”

आकडे खरेच होते, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो या घराचा प्रश्न नव्हता. ६६,७५० हा आकडा तिथल्या सगळ्या जनसंपर्कवाल्यांचा आहे, त्यात रुग्णालयात आणि औषध कंपनीत काम करणारेही आले. खेळाचा वेगळा रकाना त्यात नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा अभ्यासक्रम तिकडे जन्मला तो तिकडच्या गरजेतून. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची संघटना, एनसीएए, हिच्याशी सुमारे ११०० कॉलेजं जोडलेली आहेत. तिथल्या कॉलेजात खेळांच्या बातम्या, आकडेवारी, मुलाखती, वेबसाइट हे सगळं बघायला पगारी माणसं असतात. म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यासाठी गावोगाव एक खुर्ची आधीच मांडलेली असते. आपल्या विद्यापीठात क्रीडा विभागाचे सरच स्पर्धाही घेतात आणि संध्याकाळी वर्तमानपत्राला प्रेसनोटही पाठवतात. ती खुर्ची आपल्याकडे नाही. तिकडच्या आकड्याला डॉलरच्या भावानं, ८३ नं, गुणून हाती काही लागणार नाही.

मग आपल्याकडे पैसा कुठे आहे? आहे, आणि भरपूर आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. ही रक्कम जाते क्रिकेट मंडळाकडे, उपसंपादकाच्या खात्यात नाही. पण एवढी किंमत मोजणाऱ्याला ती प्रेक्षकांतून वसूल करावी लागते, आणि तिथे काम निर्माण होतं. २०२३ ला जिओसिनेमानं आयपीएल १२ भाषांत दाखवली, त्यात मराठी होती, भोजपुरी होती. प्रत्येक भाषेला बोलणारे लागतात आणि पडद्यावर न दिसणारे त्याहून जास्त: निर्माते, संशोधक, पडद्यावरचा मजकूर लिहिणारे, सामना चालू असतानाच क्लिप कापून मोबाइलवर टाकणारे. क्रिकबझ आणि क्रिकइन्फो या क्रिकेटच्या वेबसाइटची ऑफिसं बंगळुरूत. शिवाय खेळाडू सांभाळणाऱ्या एजन्सी, लीगचे संघ, महासंघ. मालक हे आहेत, आणि बहुतेक मुंबई-दिल्ली-बंगळुरूत आहेत.

पगाराचं म्हणाल तर माझ्या टेबलावर मुलांनी आणलेल्या पत्रांवरून सांगते. इंदूर-भोपाळला हिंदी पेपरच्या किंवा पोर्टलच्या डेस्कवर नवख्याला महिना १५ ते २० हजार. मुंबई-बंगळुरूत २५ ते ४० हजार, तेही व्हिडिओ एडिटिंग किंवा आकडेवारीचं काम हातात असेल तर वरच्या टोकाला. यातली पुष्कळ पत्रं नोकरीची नसतातच. ती असतात ‘रिटेनर’ करार, सहा महिन्यांचे किंवा एका हंगामाचे. त्यात पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही, दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात. ३५ हजारांचा आकडा बघून पेढे वाटलेल्या घरात चार महिन्यांनी, “हंगाम संपला, पुढच्या वर्षी बघू,” असा मेल येतो. पालकांना हा भाग कुणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो. ‘हायेस्ट पॅकेज’ एका मुलाचं असतं. बाकीच्या तुकडीचं काय झालं ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

मी कोरा कागद घेतला आणि मुलीलाच लिहायला लावलं. सहा लाखांचं कर्ज, अकरा टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १३ हजार. हे गणित बाबांनी क्षणात केलं, रोजचंच त्यांचं. मुंबईत दोघी-तिघींत मिळून खोली, दहा हजार. समजा पगार ३० हजार. राहिले सात. त्यात डबा, लोकल, फोन, इंटरनेट. आणि मधले दोन महिने करार नसेल तर हप्ता कुणी भरायचा? मुलगी कागदाकडे बघत राहिली. बाबाही गप्प होते. ते जिंकले असं त्यांना वाटू नये म्हणून मी लगेच विचारलं, “आता मला हिचं काम दाखवा.”

तिनं फोन काढला. उज्जैनला तिनं स्वतः चित्रित केलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ होता. पुरलेल्या मल्लखांबावर एक मुलगा चढतोय आणि ती हिंदीत सांगतेय: लाकूड शिसवी किंवा सागवानी, त्याला एरंडेल चोळतात ते घर्षण कमी व्हावं म्हणून, आता बघा त्यानं पकड हातानं नाही, मांडीनं घेतली, इथे गुण मिळतात, आणि हा उतरताना पाय घसटला, इथे कापले जातात. ती बोलत होती आणि मला, ज्या बाईला मल्लखांबातलं ओ की ठो कळत नाही, पुढच्या मुलाचा पाय घसटला तो दिसला. मध्य प्रदेशनं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं, तरी तो समजावून सांगणारं माणूस सहज सापडत नाही. बाबांनी तो व्हिडिओ आधी पाहिलाच नव्हता. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

तिथून पुढे आमचं बोलणं पदवीवरून कामावर आलं, आणि या क्षेत्रात तेच व्हायला हवं. पगार कोर्सच्या नावाला मिळत नाही. तुमच्याकडून समोरचा नेमकं काय विकत घेतो, त्याला मिळतो. मी तिला घरचा अभ्यास दिला. लिंक्डइनवर या क्षेत्रातल्या जाहिराती काढायच्या, हुद्दा सोडून द्यायचा आणि काम काय मागितलंय तेवढंच वहीत उतरवायचं. महिन्याभरानं ती वही घेऊन आली. सारखं सारखं येत होतं ते असं: प्रीमियर या सॉफ्टवेअरवर व्हिडिओ एडिटिंग, हिंदी किंवा प्रादेशिक भाषेत झटपट लिहिणं, एक्सेलमध्ये आकडे हाताळणं, रात्रपाळीची तयारी. ‘स्पोर्ट्स कम्युनिकेशनची पदवी हवी’ असं क्वचितच कुठे होतं. बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालत होती. सहा लाखांचा प्रश्न त्या वहीनं बराचसा सोडवला. चांगल्या संस्थेचा उपयोग असतो, ओळखी होतात, इंटर्नशिप मिळते, हे मी नाकारत नाही. ज्या घराला फी सहज झेपते त्यांना मी अडवत नाही. या घराला झेपत नव्हती.

आईची काळजी वेगळी होती. त्या इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, “ताई, मॅच संपणार रात्री साडेअकराला. मुलगी घरी येणार कशी?” हा प्रश्न मुलाखतीत विचारायला मुली कचरतात, आणि कचरू नये. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षेची आणि दारापर्यंत पोचवण्याची सोय करावी लागते. सोडायला गाडी मिळणार का, हे करारात किंवा निदान मेलवर लिहून घ्यायचं, असं आम्ही तिथेच ठरवलं.

तिनं इथेच, आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात, मास कम्युनिकेशनच्या एमएला प्रवेश घेतला. फी बाबांनी कर्ज न काढता भरली. बदल्यात तिनं शब्द दिला, की दोन वर्षांत या क्षेत्रातून कमाई उभी राहिली नाही तर पीएससीचा क्लास लावेन. अशी मुदत घालून घेणं मला आवडतं. बापाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि मुलीला कामाला लागावंच लागतं.

पहिलं वर्ष कोरडं गेलं. अभय प्रशालमधल्या टेबल टेनिसच्या स्पर्धांचे व्हिडिओ, व्यायामशाळांची पानं, बरंचसं फुकट. मी तिला एकच अट घातली: फुकट काम करायचं तर कामाखाली तुझं नाव हवं आणि मूळ फाइल तुझ्याकडे राहायला हवी. मग एका राज्य पातळीवरच्या लीगमध्ये एका संघाचं सोशल मीडियाचं काम मिळालं, पंधरवड्याचं. पैसे तीन महिने उशिरा आले आणि त्यासाठी तिला दर आठवड्याला मेल टाकावा लागला. बाबांनी तो मेल स्वतः तपासून दिला. थकबाकीची पत्रं लिहिण्यात त्यांची हयात गेलेली.

याच काळात माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एका मुलाचं काम रातोरात बंद पडलं. तो एका पोर्टलसाठी ‘आजच्या सामन्यात फँटसी टीम कशी निवडाल’ असे लेख लिहायचा (खऱ्या खेळाडूंतून आपला संघ निवडून त्यावर पैसे लावायचे, असा तो ऑनलाइन खेळ), रोजचे चार-पाच, कमाई चांगली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. फँटसी खेळाच्या ड्रीम इलेव्हन कंपनीनं भारतीय संघाच्या जर्सीवरून नाव काढलं आणि इकडे या मुलाचा संपादकच घरी बसला. त्याला क्रिकेट उत्तम कळतं, पण वर्षभरात त्यानं दुसरं काही शिकून घेतलं नव्हतं. त्याच्याबरोबर आम्ही आता आकडेवारीच्या कामाकडे वळतो आहोत. पैसा जिथून येतो तिकडे एक डोळा ठेवायला मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महिला विश्वचषकाचे सामने होळकर स्टेडियमवर झाले. इंग्लंडनं आपल्याला चार धावांनी हरवलं तो त्यातलाच. तिला तिथे चित्रीकरणाच्या चमूत धावपळीचं काम मिळालं, दिवसाला दीड हजार. केबल धर, चहा आण, खेळाडूंच्या नावांचा उच्चार तपास. या उच्चारांवरूनच एका निर्मातीचं तिच्याकडे लक्ष गेलं. हिंदी, मराठी आणि कामापुरतं इंग्रजी या तिन्हींत न अडखळणारी मुलगी त्यांना हवी होती. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना आपल्या या दोन-तीन भाषांची किंमत माहीतच नसते. आमची मराठी हिंदीमिश्रित म्हणून उलट ती संकोचतात. तिनं दोन महिने रोज मराठी क्रीडापान मोठ्यानं वाचून तो संकोच घालवला.

हिवाळ्यात मुंबईत करार झाला, मे अखेरपर्यंतचा. त्यांनी ३२ हजार सांगितले. आम्ही फोनवर बसून उत्तर तयार केलं: दोन भाषांत मजकूर देते, एडिटिंग स्वतः करते, हे तीन व्हिडिओ बघा, ४० हजार अपेक्षित आहेत, रात्री सोडायला गाडी हवी. ३६ वर तुटलं, गाडी लेखी मिळाली, पीएफ नाही. बाबांनी दुसऱ्याच दिवशी तिला पीपीएफचं खातं उघडायला लावलं आणि सांगितलं, की महिन्याला तीन हजार यात गेलेच पाहिजेत.

परवा त्यांचा फोन आला होता. “मॅडम, जूनचं काय?” प्रश्न रास्त आहे. करार मे अखेर संपतो आणि कबड्डी लीग सुरू व्हायला तेव्हा अवकाश असतो. जून-जुलैसाठी तिनं दोन ठिकाणी अर्ज केले आहेत आणि मल्लखांबाच्या एका प्रशिक्षण शिबिराचं चित्रीकरण ठरवलं आहे, आगाऊ निम्मे पैसे घेऊन.