रेंज कमी झाली नाही, गाडी बंद पडते, असंच लिहून घ्या

कराडजवळ ओगलेवाडीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. 2024 च्या गुढीपाडव्याला त्यांनी 1,24,000 रुपयांची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, बरीचशी रक्कम कर्जाने. बॅटरीला 3 वर्षं किंवा 40,000 किलोमीटर यातलं जे आधी होईल तेवढी वॉरंटी, आणि आत्ता रीडिंग 21,000 च्या आसपास आहे. त्या घरी डबे करतात आणि स्वतःच मलकापूर, कोल्हापूर नाका, कार्वे नाका अशा भागात पोचवतात. त्याच वर्षीच्या दिवाळीपासून गाडी चालता चालता बंद पडायला लागली. स्क्रीनवर 35-40 टक्के चार्ज दिसत असतो, चढ लागला की एकदम शून्य आणि गाडी ठप्प, मग अर्धा तास रस्त्याकडेला उभं राहिलं की परत चालू. सर्व्हिस सेंटरला चारदा दिली, दरवेळी "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून परत. आता म्हणतात बॅटरी डीप डिस्चार्ज झालीय, म्हणजे पार रिकामी होऊन तशीच पडून राहिलीय, त्यात तुम्ही गाडी धंद्याला वापरता, वॉरंटी बसणार नाही, 52,000 भरा, तुमच्यासाठी 10 टक्के कमी करतो. ताई विचारतात, पैसे भरून मोकळी होऊ का, हप्ते बंद करू का, केस करायची तर कुठे, आणि वकिलाशिवाय जमेल का.

ताई, पहिली गोष्ट, ते 52,000 भरू नका. दहा टक्के सूट देताना ते एका कागदावर सही घेतील आणि त्यात बहुतेक वेळा एक ओळ असते की ग्राहकाची यापुढे काही तक्रार नाही. ती सही एकदा झाली की पुढे ग्राहक आयोगासमोर तुमचं म्हणणं फार पातळ होतं. अगदीच गाडीवाचून अडलं आणि भरावेच लागले तर जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर भरतं त्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहा की "वॉरंटी नाकारल्यामुळे, हक्क राखून, तक्रारीसह पैसे भरले", आणि जुनी बॅटरी त्यांच्याकडे सोडू नका, तुमच्या केसचा खरा पुरावा तीच आहे. ती द्यावीच लागेल असं म्हणाले तर सिरीयल नंबरसकट लेखी पोच घ्या.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तुम्ही पाठवलेले चारही जॉब कार्डचे फोटो मी बघितले. चारही ठिकाणी तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय? "रेंज कमी". तुम्ही सांगितलं गाडी बंद पडते, काउंटरवरच्या मुलाने टाइप केलं रेंज कमी, आणि तुम्ही सही केली. तुमची केस अडकणार असेल तर इथेच. कारण बॅटरीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, वापराने हळूहळू कमी होणार हे प्रत्येक वॉरंटी पुस्तिकेत आधीच लिहून ठेवलेलं असतं, तुमच्या पुस्तिकेतही क्षमता 70 टक्क्यांच्या खाली गेली तरच बॅटरी बदलून मिळेल असं आहे. म्हणजे तक्रार "रेंज कमी" अशी असली की ते म्हणणार ही नॉर्मल झीज आहे. पण 38 टक्के दाखवणारी गाडी पुलाच्या चढावर मरते ही झीज नाही, हा दोष आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(10) मधली दोषाची व्याख्या बरीच मोठी आहे, मालाच्या दर्जात, क्षमतेत किंवा मानकात कसलीही उणीव, मग तो दर्जा कायद्याने ठरलेला असो, कराराने असो किंवा विकणाऱ्याने तसा दावा केलेला असो. त्यामुळे शोरूमच्या माहितीपत्रकात एका चार्जमध्ये किती किलोमीटर छापलंय तो कागदही जपून ठेवा.

असं का होतं ते थोडं समजून घ्या, कारण आयोगासमोर तुम्हालाच सांगायचंय. बॅटरीच्या पेटीत एकच बॅटरी नसते, सेलचे बरेच गट एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांच्यावर एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड लक्ष ठेवतो, त्यालाच बीएमएस म्हणतात. त्यातला एक गट जरी कमजोर झाला तरी सपाट रस्त्यावर तो कसाबसा टिकतो, चढावर मोटर जास्त करंट ओढते, त्या गटाचं व्होल्टेज खाली कोसळतं आणि बीएमएस सगळी पेटीच बंद करतो. बाकीच्या सेलमध्ये चार्ज शिल्लक असतोच म्हणून स्क्रीन 38 दाखवत असते. थोडा वेळ थांबलं की व्होल्टेज सावरतं आणि गाडी चालू. आणि म्हणूनच सर्व्हिस सेंटरमध्ये स्टँडवर लावून बघितली की काहीच सापडत नाही! कधी कधी मुख्य बॅटरी ठीक असते आणि आतली छोटी 12 व्होल्टची बॅटरी किंवा कनेक्टर गेलेला असतो, तेही तपासायला सांगा, तसं असेल तर भांडण खूपच लहान आहे.

तर पाचव्यांदा गाडी नेणार असाल तेव्हा असं करा. घरूनच एका कागदावर लिहून न्या: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, स्क्रीनवर इतके टक्के आणि इतके किलोमीटर रीडिंग असताना चालू गाडी बंद पडली. त्याची एक प्रत त्यांना द्या, दुसरीवर सही-शिक्का घ्या, आणि जॉब कार्डवर "चालू गाडी बंद पडते" हेच शब्द आले की मगच सही करा. शिक्का द्यायला नकार दिला तर तिथेच उभं राहून तोच मजकूर त्यांच्या आणि कंपनीच्या ईमेलवर पाठवा. त्यांच्या मेकॅनिकला मागे बसवून त्याच चढावर टेस्ट राइड मागा. गाडी बंद पडतानाचा व्हिडिओ काढता आला तर फारच छान, पण भर वाहतुकीत नको, कोणालातरी मागे बसवून काढा. व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅप जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लावा, त्याचा नमुना त्या कायद्याच्या शेवटीच दिलेला आहे. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना कोर्टाइतकं घट्ट धरून बसत नाही, तरी लावलेलं बरं.

डीप डिस्चार्जचं म्हणाल तर, हा आरोप त्यांचा आहे, सिद्ध त्यांनी करायचा. गाडी कधी चार्ज केली, किती वेळ शून्यावर पडून होती, कुठल्या सेलचं व्होल्टेज कधी घसरलं, हे बीएमएसमध्ये नोंदलेलं असतं आणि वाचायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे असतं. तुम्ही लेखी मागा: बॅटरीचा सिरीयल नंबर, सेलनिहाय व्होल्टेज रिपोर्ट, किती चार्ज सायकल झाल्या, शिल्लक क्षमता किती टक्के, आणि फॉल्ट कोडची, म्हणजे बिघाडाच्या नोंदींची, तारीखवार यादी. बहुतेक देणार नाहीत. न दिलं तरी तुमचा फायदाच आहे, कारण ज्याच्या ताब्यात पुरावा आहे आणि जो तो दाखवत नाही त्याच्याविरुद्ध अनुमान काढायला आयोग मोकळा असतो. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ डबे पोचवता, रोज रात्री गाडी चार्जिंगला लावता, अशी गाडी दिवसेंदिवस शून्यावर पडून राहील कशी हा साधा प्रश्न आहे आणि तो तक्रारीत जसाच्या तसा घाला.

आणि हो, कोणी ओळखीचा गॅरेजवाला म्हणेल पेटी उघडून दोन सेल बदलून देतो, चार-पाच हजारात काम होईल. अजिबात नको. सील तुटलं की वॉरंटीही गेली आणि केसही, आणि लिथियमची पेटी चुकीची उघडली तर आग लागते. सध्या ती बॅटरी रात्रभर घरात, झोपायच्या खोलीजवळ चार्जिंगला लावत असाल तर तेही थांबवा, हे मी कळकळीने सांगतोय.

धंद्याच्या वापराचं ऐकून तुम्ही घाबरलात असं पत्रावरून वाटलं. घाबरू नका. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही हे खरं, पण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात येत नाही. सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात 1995 सालीच सांगितलंय की पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा माणूस ग्राहकच आहे. मग स्वतः डबे करून स्वतः पोचवणारी बाई ग्राहक कशी नाही? फक्त एक करा, लपवू नका. "मी गाडी फक्त घरगुती वापरते" असं लिहिलंत आणि त्यांनी रीडिंग पुढे केलं की तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल. सरळ लिहा की मी स्वतः चालवते, कामाला माणूस नाही, घर यावर चालतं. वॉरंटी पुस्तिकेत व्यापारी वापर वगळल्याची अट असेल तर तो मुद्दा वेगळा आहे, त्यावर तुमचं म्हणणं असं की ही पुस्तिका पैसे भरून झाल्यावर गाडीबरोबर हातात पडली, आधी कोणी दाखवली नाही, शिवाय दोष बॅटरीतच आहे, डब्यांच्या वजनाचा त्याच्याशी संबंध असेल तर त्यांनी दाखवावा. गाडीवर किती वजन चालतं तेही पुस्तिकेत बघा आणि तुम्ही त्याच्या आत आहात याची खात्री करून घ्या.

हप्ते बंद करायचा विचार मनातून काढून टाका. राग मी समजू शकतो, बंद गाडीचे हप्ते कोण भरणार, पण कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी आहे, बॅटरी खराब निघाली म्हणून तो थांबत नाही. हप्ते थकले की सिबिल बिघडतं, गाडी ओढून नेतात, आणि मग ज्या वस्तूबद्दल भांडायचं ती वस्तूच हातात राहत नाही. हप्ते भरत राहा आणि त्यातलं व्याज नुकसानभरपाईत मागा.

केस साताऱ्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. बिलाच्या मागे बारीक अक्षरात "सर्व वाद बेंगळुरू न्यायकक्षेत" असं छापलंय म्हणता, त्याने काही अडत नाही, कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. 50 लाखांपर्यंत दिलेल्या किमतीचं प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं आणि किंमत 5 लाखांच्या आत असल्यामुळे फी शून्य. ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही दाखल होते. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः उभ्या राहू शकता. लीगल नोटीसही सक्तीची नाही, पण पाठवा, साध्या मराठीत, 15 दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टने, डीलर आणि कंपनी दोघांना. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, फक्त त्याने केस करायची मुदत थांबत नाही हे लक्षात असू द्या. मुदत 2 वर्षांची आहे. पहिल्यांदा गाडी 2024 च्या दिवाळीत बंद पडली, तेव्हा 2026 च्या दिवाळीची वाट बघू नका. वॉरंटी नंतर नाकारली म्हणून मुदत तिथून मोजा असा युक्तिवाद करता येतो, पण तो अडचणीत ठेवणीला असावा.

जाबदार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते, डीलर आणि कंपनी दोघेही करा आणि कोणाची चूक काय ते वेगवेगळं लिहा. 2021 साली गोव्यातल्या एका कार ग्राहकाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डीलरच्या गैरवागणुकीसाठी कंपनीला जबाबदार धरलं नाही, कारण तिचा त्यातला सहभाग नीट मांडला आणि शाबीत केलेला नव्हता. तुमच्याकडे बॅटरीतला दोष कंपनीचा, चार वेळा नीट न तपासता परत पाठवणं आणि तक्रार चुकीची नोंदवणं डीलरचं, एवढं स्पष्ट असलं पाहिजे.

काय मागायचं? पूर्ण गाडीचे पैसे परत ही मागणी पर्यायी ठेवा. 2006 च्या मारुतीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वॉरंटीत भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढीच जबाबदारी असेल तर सरसकट नवीन गाडी मागता येत नाही. म्हणून आधी नवीन बॅटरी आणि तिला बदलल्या तारखेपासून नवी वॉरंटी, ते नाही झालं तर व्याजासह किंमत परत, त्यासोबत रिक्षाभाडं, बुडालेले डबे, मानसिक त्रास आणि खर्च. बुडालेल्या डब्यांची वही तारखेनिशी ठेवा आणि आकडा फुगवू नका, 50 हजारांच्या बॅटरीसाठी 5 लाख मागणाऱ्याकडे कोणी गंभीरपणे बघत नाही.

बॅटरी तपासणीला पाठवा असा अर्ज कलम 38 खाली तक्रारीसोबतच द्या. कुठे पाठवायची ते आयोग ठरवतो, तपासणीची फी आधी तुम्हाला भरायला सांगतील, 45 दिवसांत अहवाल यायला हवा असं कायदा म्हणतो. प्रकरण तपासणीशिवाय 3 महिन्यांत आणि तपासणीसह 5 महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा असंही कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, वर्षभराची तयारी ठेवा. पण आयोगाची नोटीस मिळाल्यावर जाबदाराला लेखी म्हणणं द्यायला 30 आणि वाढवून 15 असे 45 दिवसच मिळतात, 2020 साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे पक्कं केलंय, त्यामुळे तारीख नीट लिहून ठेवा आणि उशीर झाला तर हरकत घ्या.

माझा अंदाज असा की नोटीस गेल्यावर किंवा आयोगाने मध्यस्थीला पाठवल्यावर ते तडजोडीला येतील. या, बसा, बोला, पण "बॅटरी बदलून देतो" एवढ्यावर हो म्हणू नका. नवीन की दुरुस्त केलेली, किती महिन्यांची वॉरंटी, धंद्याच्या वापराची अट लागू की नाही, हे सगळं तडजोडीच्या कागदावर यायला हवं. आणि बॅटरी बसवून झाल्यावर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी पेटीवरच्या स्टिकरचा सिरीयल नंबर आणि जॉब कार्डवरचा नंबर स्वतः ताडून बघा, स्टिकरचा फोटो काढा, मग सही करा.