तक्रारीच्या पत्रावर सही करावी का?

न्यू जर्सीतील एडिसनहून एका भगिनीने पाठवलेल्या पत्राचा आशय असा आहे. दिवाळीनंतर त्यांच्या भागातील फेसबुक ग्रुपवर, घरोघरी जाऊन हीटिंगची दुरुस्ती करणाऱ्या एका स्थानिक कंपनीच्या कामगाराने भारतीयांविषयी अत्यंत हीन भाषेत पोस्ट टाकली. रात्री उशिरापर्यंतचे फटाके, स्वयंपाकाचे वास, ‘यांनी आमचे गाव बळकावले’ असा तिचा एकंदर सूर होता. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट फिरवला, त्या माणसाच्या नावाभोवती लाल वर्तुळ काढले, खाली कंपनीचा फोन नंबर दिला आणि लिहिले, ‘सगळ्यांनी फोन करा, एक स्टारचे रिव्ह्यू टाका, याची नोकरी गेलीच पाहिजे.’ सोबत कंपनीला द्यायचे पत्रही सह्यांसाठी फिरते आहे. यजमानांना सही करायची आहे, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा विरोध आहे आणि त्यावरून बापलेकांत अबोला धरला गेला आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘हे स्वतः एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर, आहेत. उद्या यांच्याच एखाद्या पोस्टवरून कुणी असे केले तर काय?’

ताई, सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती पोस्ट वाचून तुमच्या यजमानांना जो संताप आला तो मुळीच गैर नाही. वर्षानुवर्षे कर भरून, मुलांना त्याच शाळांत शिकवून ज्या गावाला आपले मानले, तेथल्याच माणसाने असे लिहावे याचे दुःख खरे आहे आणि ते गिळून टाका असे मी सांगणार नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याची शिक्षा म्हणून त्या माणसाच्या घरातली चूल विझावी का, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्याच्या मालकाच्या हाती असावा का.

अमेरिकेत तो अधिकार मालकाच्या हाती किती सहज येतो याची कल्पना आपल्याकडच्या अनेकांना नसते. अभिव्यक्तीचे घटनादत्त स्वातंत्र्य सरकारपासून संरक्षण देते, खासगी मालकापासून नव्हे. १९६८ मध्ये, वर्तमानपत्रात शाळेच्या कारभारावर टीका करणारे पत्र लिहिल्याबद्दल काढून टाकलेल्या इलिनॉयमधील शिक्षकाला सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला, कारण त्याला काढणारी शाळा सरकारी होती. खासगी कंपनीत मात्र मोंटाना सोडून सर्व राज्यांत नोकरी ‘ॲट विल’ तत्त्वावर असते, म्हणजे कायद्याने मनाई केलेले कारण नसेल तर मालक कोणत्याही कारणाने, किंवा कारण न देताही, कामगाराला घरी पाठवू शकतो. सहकाऱ्यांनी मिळून पगाराविषयी वा कामाच्या परिस्थितीविषयी बोलण्यास १९३५ च्या कामगार कायद्याचे संरक्षण आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट अशा काही राज्यांनी नोकरीबाहेरच्या राजकीय वर्तनाला कमीअधिक आधार दिला आहे. त्यापलीकडे फारसे काही नाही. त्यामुळे शंभर फोन आले की बहुतेक मालक पोस्ट नीट वाचतही नाहीत. चौकशी करण्यापेक्षा माणूस काढणे स्वस्त पडते. २०२० मध्ये सॅन डिएगोच्या वीज कंपनीतील एका कामगाराचा ट्रकच्या खिडकीबाहेर लोंबणारा हात कुणीतरी टिपला, तो वर्णद्वेषी खूण करत असल्याचे म्हणत फोटो पसरवला आणि त्याची नोकरी गेली. आपण केवळ हाताच्या बोटांचे सांधे मोडत होतो असे तो सांगत राहिला. फोटो टाकणाऱ्याने पुढे आपले खातेच बंद केले, पण नोकरी काही परत आली नाही.

मग कधीच काढू नये का? तसे मी म्हणत नाही. तुमच्याच राज्यातील एक खटला मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. २०११ मध्ये पॅटरसन येथील पहिलीच्या एका शिक्षिकेने फेसबुकवर लिहिले की मी शिक्षिका नसून भावी गुन्हेगारांची तुरुंगरक्षक आहे. तिच्या वर्गातली मुले बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती. तिला काढण्यापूर्वी रीतसर सुनावणी झाली, तिची बाजू ऐकली गेली आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. हा निर्णय मला योग्य वाटतो. सहा वर्षांच्या मुलांना गुन्हेगार समजणाऱ्या व्यक्तीच्या हाती ती मुले दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या विश्वासाने सोपवायची? तिची पोस्ट थेट तिच्या कामाविषयी होती. अमुक धर्माच्या रुग्णांकडे मी लक्ष देणार नाही असे लिहिणारी नर्स, सहकारी स्त्रीविषयी अश्लील मजकूर टाकणारा मॅनेजर, कुणाला मारण्याची धमकी देणारा कुणीही, हे सारे याच वर्गात मोडतात. बाकी मते, ती कितीही किळसवाणी असली तरी, पगाराच्या बदल्यात मालकाला विकलेली नसतात.

आता तुमच्या गावातला तो कामगार भारतीयांच्या घरांत शिरून काम करतो, हा धागा मी सोडून देत नाही. त्याने कुणाच्या घरी अपमान केला असेल, काम अर्धवट टाकले असेल, नाव पाहून येण्याचे टाळले असेल, तर त्याची तारीख, पत्ता आणि घडलेला प्रकार लिहून कंपनीकडे जरूर तक्रार करावी, आणि त्या पत्रावर पहिली सही तुमच्या यजमानांची असावी. तुमच्या पत्रात मात्र असे काही घडल्याचा उल्लेख नाही.

यजमानांशी बोलताना आणखी एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवा. १० सप्टेंबर २०२५ रोजी उजव्या विचारांचे अमेरिकन कार्यकर्ते चार्ली कर्क यांची हत्या झाल्यानंतर त्यांच्याविषयी कटू लिहिणाऱ्या शिक्षकांच्या, परिचारिकांच्या, कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि खुद्द उपाध्यक्ष व्हान्स यांनी, असे कुणी दिसले तर त्याच्या मालकाला फोन करा, असे जाहीरपणे सांगितले. अनेक वर्षे याच पद्धतीविरुद्ध बोलणारी मंडळी सत्ता येताच तीच वापरू लागली. हे हत्यार ज्याच्या हाती जाईल त्याचे असते, आणि आपण तेथे संख्येने थोडे आहोत.

शिवाय सारख्याच पोस्टची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. त्या कामगाराची नोकरी गेली तर तो गावातच राहून दुसरी शोधेल. तुमच्या यजमानांची गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांत नवा प्रायोजक मालक शोधणे, इमिग्रेशनचा दुसरा दर्जा मागणे किंवा देश सोडणे एवढेच पर्याय उरतात, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या व्हिसावर अवलंबून असलेला तुमचा एच-४ व्हिसा आणि मुलाचे शिक्षणही टांगणीला लागते. फेसबुकवरच्या चार ओळींसाठी एवढी शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने दिली नसती. नेमके याच कारणाने, ज्यांचे तिथले राहणे एका नोकरीवर अवलंबून आहे अशा आपल्या लोकांनी तरी नोकरीवरून काढण्याची मागणी हलक्या हाताने करू नये असे मला मनापासून वाटते.

इतर देशांतील वाचकांसाठी थोडे सांगतो, कारण नियम एकसारखे नाहीत. ब्रिटनमध्ये फेसबुक पोस्टवरून काढलेल्या एका शाळा-कर्मचारी महिलेच्या खटल्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मत कुणाला आक्षेपार्ह वाटले वा शाळेच्या बदनामीची भीती वाटली एवढ्यावर थेट बडतर्फी करणे प्रमाणाबाहेरचे ठरवले. मात्र त्यासाठी तिला सहा वर्षे झगडावे लागले. ऑस्ट्रेलियात टोपणनावाने सरकारी धोरणावर टीका करणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या कर्मचारी महिलेची बडतर्फी २०१९ मध्ये तेथील हायकोर्टाने वैध ठरवली, त्यामुळे टोपणनावाच्या भरवशावर कुणी राहू नये. दुबई, अबुधाबीकडच्या कुटुंबांनी तर हा विषय नोकरीपुरता समजूच नये. तेथे २०१५ पासून द्वेष पसरवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि तुरुंगवासापर्यंत गोष्ट जाऊ शकते. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात मुस्लिमांविरुद्धच्या पोस्टवरून तेथील भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा आपल्या राजदूतांनाच भेदभाव न करण्याची जाहीर आठवण नागरिकांना करून द्यावी लागली. असा मजकूर फॉरवर्ड होऊन कसा पसरतो, हे आपल्या घरच्या ग्रुपवर रोज काय येते ते पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तर आता करायचे काय? मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः लिहा की तो फोन नंबर आणि ते लाल वर्तुळ काढून टाकावे. ज्या फेसबुक ग्रुपवर पोस्ट आली तेथेच, मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने, सभ्य पण ठाम उत्तर द्यावे. फटाक्यांच्या वेळेची तक्रार खरी असेल तर ती मान्य करावी आणि बाकीचा मजकूर का अपमानकारक आहे ते स्वच्छ शब्दांत सांगावे. पोस्टमध्ये धमकी असेल तर मूळ दुवा आणि वेळेसह ती जपून ठेवून पोलिसांकडे जावे.

यजमानांची स्वतःची खातीही तुम्ही दोघांनी एकदा बसून वाचून काढा. कंपनीचे नाव प्रोफाइलवर ठेवून राजकारणावर लिहिणे टाळावे. नोकरीवर रुजू होताना कंपनीच्या सोशल मीडियाविषयीच्या धोरणावर आपण सही केलेली असते, ते शोधून वाचावे. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे मालकाला तुमच्या वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागता येत नाही, हेही ठाऊक असू द्यावे. आणि उद्या खरोखरच एचआरचे बोलावणे आले, तर घाईने पोस्ट पुसू नये, माफीनामा किंवा राजीनामा त्याच बैठकीत लिहून देऊ नये. विचार करण्यासाठी वेळ लेखी मागून घ्यावा आणि त्याच दिवशी रोजगाराच्या व इमिग्रेशनच्या, अशा दोन्ही वकिलांशी बोलावे, कारण राजीनामा दिला तरी साठ दिवसांची मोजणी सुरू होतेच.