‘पंधरा वर्षे काही झाले नाही’ असे सांगून दिलेला लाकडाचा स्टोव्ह पेटवावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण अमेरिकेत व्हरमाँटमध्ये एक जुने लाकडी घर घेतले आहे, बैठकीच्या खोलीत आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताने बसवलेला बिडाचा स्टोव्ह आहे, त्याची नळी भिंतीतून बाहेरच्या धुराड्यात जाते, आणि घराच्या किल्ल्या देताना तो गृहस्थ म्हणाला की पंधरा वर्षे काही झाले नाही. गावाकडे चुलीसमोर वाढल्यामुळे आपल्याला आगीची भीती वाटत नाही, तेव्हा या थंडीत तो पेटवायला हरकत आहे का?

माझे उत्तर असे की, जाणकार माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय तो एकदाही पेटवू नका. मी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये असतो. अशाच, आधीच्या मालकाने बसवलेल्या स्टोव्हच्या उबेत आम्ही चार हिवाळे सुखाने काढले आणि पाचव्याच्या तोंडावर भिंतीच्या आत काय चालले होते ते पाहिले.

त्या दिवशी धुराडे साफ करायला आलेल्या माणसाने ब्रश बाजूला ठेवला आणि नळी जिथे भिंतीत शिरते तिथली पत्र्याची गोल चकती चार स्क्रू काढून खाली उतरवली. आतला उभा लाकडी वासा नळीपासून जेमतेम दोन बोटांवर होता. त्याची लांबची कड लाकडाच्या रंगाची, मधला भाग तपकिरी, आणि नळीकडची कड काळी ठिक्कर पडलेली होती. त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या कडेवर नुसते टेकवले, तर ते बिस्किटात जावे तसे आत गेले. मी नखाने खरवडून पाहिले तर बोटाला कोळसा लागला. खोलीच्या बाजूने मात्र रंगाचा एक पोपडासुद्धा उडालेला नव्हता, आणि चार वर्षांत जळका वास कधी आला नव्हता.

कोरडे, नवे लाकूड आपोआप पेटायला साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, परंतु तेच लाकूड वर्षानुवर्षे त्याहून पुष्कळ कमी उष्णतेत भाजत राहिले, तर त्याचा हळूहळू कोळसा होत जातो आणि ज्या तापमानाला पूर्वी ते नुसते गरम झाले असते त्या तापमानाला पुढे कधीतरी पेट घेऊ शकते. त्यामुळे ‘पंधरा वर्षे काही झाले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘पंधरा वर्षे ते लाकूड भाजत होते’ असाही निघू शकतो. जुनेपणाला आपण सहसा अनुभवाचे प्रमाणपत्र मानतो. येथे तो हिशेब उलटा आहे.

अमेरिकेत या कामासाठी एनएफपीए २११ हे, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे धुराड्यांविषयीचे मानक प्रचलित आहे. स्टोव्हच्या मागे त्याची सुरक्षा-चाचणी झाल्याची पट्टी असेल, तर भिंतीपासून किती अंतर हवे ते तिच्यावरच लिहिलेले असते आणि तेच पाळायचे. पट्टी नसेल, तर पेटू शकणारी कोणतीही वस्तू स्टोव्हपासून ३६ इंच आणि साध्या एकेरी पत्र्याच्या नळीपासून १८ इंच दूर असावी लागते. अशा एकेरी नळीने छत किंवा कपाट ओलांडायचे नसते, आणि लाकडी भिंतीतूनही ती नुसती न्यायची नसते. भिंतीत सहसा उष्णतारोधक थर असलेला, चाचणी झालेला धुराड्याचा तुकडा बसवतात आणि त्याच्याभोवतीही सामान्यतः दोन इंच हवा मोकळी ठेवावी लागते. माझ्या घरात या दोन इंचांच्या जागी लोकर कोंबलेली होती. कोणीतरी थंडी आत येऊ नये म्हणून ते मोठ्या काळजीने केले असणार.

विटांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो आपल्या घरातही असू शकेल. स्टोव्हमागच्या लाकडी भिंतीला पातळ विटा किंवा टाइल्स चिकटवल्या की भिंत सुरक्षित झाली असे लोक धरून चालतात, पण वीट उष्णता अडवत नाही, ती सावकाश मागे पोचवते. त्याऐवजी साधा जाड पत्रा भिंतीपासून एक इंच पुढे, मागून हवा खालून वर खेळती राहील असा लावला, तर नियमानुसार ३६ इंचांचे अंतर १२ इंचांवर आणता येते. काम करते ती पत्र्यामागची हवा, म्हणून ती फट शोभेसाठी कोणी बुजवली की सारेच व्यर्थ.

आता धुराविषयी. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरात आढ्याला लोंबणारी काळी, चिकट जळमटे आपण पाहिली असतील. धुराड्याच्या आत तोच प्रकार अधिक घट्ट स्वरूपात होतो. लाकडाचा धूर वर जाताना साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली थंडावला, की त्यातील वाफा आणि न जळलेले पदार्थ आतल्या पृष्ठभागावर साचतात. त्या थराला क्रिओसोट म्हणतात. (रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना लावत ते क्रिओसोट दगडी कोळशाच्या डांबराचे, हे लाकडाच्या धुराचे, पण पेटण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच उत्साही.) सुरुवातीला हा थर काजळीसारखा भुसभुशीत असतो आणि ब्रशने निघतो, नंतर त्याची खपली धरते, आणि शेवटी तो काचेसारखा चकचकीत होऊन असा बसतो की ब्रश त्याच्यावरून नुसता घसरतो.

हा थर तीन कारणांनी वेगाने वाढतो. पहिले कारण म्हणजे ओले सरपण: लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, आणि तो मोजायचे छोटे यंत्र कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ते ओंडक्याच्या बाहेरून न लावता, ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागाला लावावे. दुसरे म्हणजे रात्री स्टोव्हची हवा आत घेणारी झडप पार बंद करून लाकूड सकाळपर्यंत धुमसत ठेवण्याची सवय. तिसरे कारण बसवणाऱ्याचे असते. जुन्या शेकोटीच्या भल्यामोठ्या धुराड्याच्या तोंडाशी सहा इंची तोंडाचा स्टोव्ह नुसता ढकलून ठेवलेला पुष्कळ घरांत आढळतो. येथील कारागीर त्याला ‘स्लॅमर’ म्हणतात. एवढ्या पोकळीत धूर पसरतो, रेंगाळतो आणि थंड होतो. त्यावर उपाय म्हणजे स्टोव्हच्या तोंडापासून छताच्या वरपर्यंत स्टेनलेस स्टीलची अखंड नळी आतून सोडणे. त्याला खर्च येतो, पण त्यात काटकसर करू नये.

हा थर पेटला तर धुराड्यातून जवळून आगगाडी जावी तसा घरघराट येतो आणि आतले तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. मातीच्या नळ्यांचे अस्तर त्यात तडकते, आणि पुढच्या आगीची ज्वाला त्या तड्यांतून थेट वाशांपर्यंत पोचते. तसे झाल्यास स्टोव्हचे दार आणि हवा बंद करावी, सर्वांनी बाहेर पडावे आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. धुराड्यात पाणी ओतू नये, कारण तापलेले अस्तर त्याने फुटते. काही वेळा अशी आग लहान असते आणि घरच्यांना न कळताच विझते. आपल्या आधीच्या मालकाच्या पंधरा वर्षांत अशी एखादी होऊन गेली असेल, तर ते केवळ आतून कॅमेरा सोडल्यावरच कळेल.

कार्बन मोनॉक्साइडविषयी मात्र मला चुलीच्या अनुभवाने सरळ फसवले. आमच्या कोकणातल्या घरात धूर कौलांच्या फटींतून सगळीकडून बाहेर जात असे. डोळे चुरचुरत, आजीला खोकला जडला, पण त्या घरात विषारी वायू कोंडून राहण्याची सोयच नव्हती. येथील घरे थंडीसाठी बंद डब्यासारखी केलेली असतात. फेब्रुवारीतल्या एका रात्री जेवणानंतर स्टोव्हमध्ये फक्त निखारे उरले होते, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा चालू होता आणि कपडे वाळवण्याचे यंत्रही. दोन्ही यंत्रे घरातली हवा बाहेर फेकत होती, आणि ती भरून काढायला बाहेरची हवा थंड पडलेल्या धुराड्यातूनच उलटी आत येऊ लागली. बायकोचे डोके दुखत होते. सर्दी असेल म्हणून मी आल्याचा चहा टाकला होता, तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. खोलीत धूर अजिबात नव्हता.

धूर नव्हता, म्हणूनच ते अधिक धोक्याचे होते. ज्वाला असते तेव्हा धुराड्याला धूर वर खेचणारी ओढ असते आणि काही बिघडल्यास धूर दिसतो. निखाऱ्यांच्या अवस्थेत ओढ कमी होते, धूर जवळपास नसतो आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही लक्षणे तापाशिवायच्या फ्लूसारखी वाटतात. घराबाहेर गेल्यावर बरे वाटू लागले, तर ती सर्दी नव्हे. अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ हवाच, पण त्याची मर्यादाही ठाऊक असावी: दशलक्ष भागांत ७० भाग एवढ्या प्रमाणाला तो १ ते ४ तासांच्या दरम्यान वाजेल असाच बनवलेला असतो, ४०० भागांना ४ ते १५ मिनिटांत. त्यामुळे तो गप्प आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये.

धुराड्याची उंचीही येथे महत्त्वाची ठरते. ते छतातून बाहेर पडते तिथून निदान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आतल्या घराच्या कोणत्याही भागापेक्षा दोन फूट उंच असावे लागते. नाहीतर वारा धूर खाली ढकलतो. तुमचे धुराडे भिंतीबाहेरून जाते, म्हणजे ते अधिक थंड राहणार आणि ओढही मंद असणार, एवढे गृहीत धरा.

राखेची गोष्ट स्टोव्ह बसवण्याशी थेट संबंधित नाही, पण सांगतो. २०११ च्या नाताळच्या पहाटे कनेटिकटमधील स्टॅमफर्ड येथे एका घराला आग लागून तीन मुली आणि त्यांचे आजीआजोबा गेले. शेकोटीतून काढून घरालगत ठेवलेले निखारे हे कारण अधिकाऱ्यांनी सांगितले होते. राखेत निखारा काही दिवस जिवंत राहतो. घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्या आणि तो घरापासून आणि लाकडी ओट्यापासून दूर ठेवा.

घर विकले गेल्यानंतर धुराड्याची ‘लेव्हल २’, म्हणजे अधिक सखोल, तपासणी करावी असे वर सांगितलेले एनएफपीए २११ हेच मानक सांगते, म्हणजे आपला हक्काचा मुहूर्त हाच आहे. प्रमाणित कारागिराला बोलवा, आतून कॅमेरा सोडायला सांगा, आणि भिंतीवरची ती गोल चकती आपल्यासमोर उघडायला लावा. टॉर्च घेऊन स्वतः आत पाहा. गावच्या कार्यालयात या स्टोव्हची परवानगी कधी काढली होती का तेही विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा, कारण परवानगीशिवाय बसवलेल्या स्टोव्हमुळे आग लागली तर ती भरपाईला आक्षेप घेऊ शकते. आमचे काम दोन दिवसांत झाले. कापून काढलेला वाशाचा तुकडा मी फेकलेला नाही. तो गॅरेजमधल्या फळीवर आहे आणि हात लावला की अजूनही काळे लागते.